ॲप्ट आणि आप्त

‘एका ओळीत होतं हो!’ असे म्हणणाऱ्या माणसांबद्दल माझे मत पहिल्यापासूनच बरे नाही. ही जमात फार जुनी आहे. पूर्वी हीच माणसे ‘हे काय, इथून पाच मिनिटांवर’ असे सांगून आपल्याला भर उन्हात दोन मैल चालवीत. ‘नुसती इथं सही करा, बाकी आम्ही बघतो’ असे म्हणून पतपेढीच्या कर्जाला जामीन राहायला लावीत. मैलांचे किलोमीटर झाले, सहीचा ओटीपी झाला, पण जमात काही खुंटली नाही. सध्या तिचा मुक्काम संगणकापुढे आहे. ‘ते सॉफ्टवेअर ना? काही नाही हो, एक ओळ टाकायची, एंटर मारायचा, झालं!’ हे तिचे ताजे सुभाषित.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, ही एक ओळ फार महाग पडते आणि तिची किंमत भलताच माणूस भरतो. हे पसरून सांगायला मला चार-पाच पाने लागणार आहेत. एका ओळीत सांगता आले असते तर मीही त्याच जमातीत जमा झालो असतो.

आधी एक स्पष्ट करतो. माझे भांडण त्या काळ्या खिडकीशी नाही. माझा लॅपटॉप वयाने दहा वर्षांचा. त्याच्यावरच्या विकतच्या व्यवस्थेची नवी आवृत्ती त्याला पेलेना, तेव्हा आमच्या भाच्याने एका रविवारी जेवणापूर्वी ती पुसून टाकली आणि डेबियन नावाची फुकटची व्यवस्था बसवली. ‘फुकट’ हा शब्द ऐकून आमच्या हिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. फुकट मिळालेल्या वस्तूंनी आमचा माळा भरलेला आहे.

डेबियनबरोबर ती काळी खिडकी आली. तिला टर्मिनल म्हणतात. लोक तिला भितात. मला मात्र ती पहिल्याच दिवशी मानवली. रंगीत खिडक्यांत जिकडे तिकडे चित्रे : कात्री, कचऱ्याचा डबा, दातेरी चाक. मतपत्रिकेवर चिन्हे असतात ना, तशी. ज्याचा जन्म कचेरीत अर्ज लिहिण्यात आणि दुसऱ्यांचे अर्ज फेटाळण्यात गेला, त्याला म्हातारपणी चित्रलिपीत बोलायला लावणे हा काय न्याय झाला? काळ्या खिडकीत आपण वाक्य लिहावे आणि तिकडून वाक्य यावे. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे जिनसेचे नाव. अक्षरे इंग्रजी, पण थाट सगळा वाण्याला दिलेल्या चिठ्ठीचा.

यातला ॲप्ट म्हणजे पॅकेज मॅनेजर. मॅनेजर या शब्दाने फसू नका. टाय लावून केबिनमध्ये बसणारा हा इसम नव्हे. ही आहे लग्नघरातल्या कोठीवर बसवलेली थोरली आत्या. किल्ल्या कमरेला, यादी हातात. साखर हवी, आत्याकडे जा. नारळ हवेत, आत्याकडे जा. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरात काडी येत नाही आणि घरातून जात नाही.

तुम्ही तिला म्हणालात, सिनेमे दाखवणारे अमुक सॉफ्टवेअर पाठव. ती लगेच उठत नाही. आधी सांगते, ‘तो एकटा नाही यायचा.’ त्याला आवाजाचे कुणी लागते, चित्राचे कुणी लागते आणि त्या चित्रवाल्याला आणखी दोघे लागतात. जावयाला आमंत्रण दिले की त्याची आई, आईची बहीण आणि बहिणीचा दमेकरी दीर हे ओघाने आलेच. या गोतावळ्याला तिकडे डिपेन्डन्सी म्हणतात. आत्या एकेकाचे नाव वाचून दाखवते, एवढे मेगाबाइट आणावे लागतील म्हणते, घरात एवढी जागा अडेल म्हणते आणि मग विचारते, ‘पुढं जाऊ? वाय की एन?’ इतकेच नव्हे, पुढेमागे तो मुख्य पाहुणा गेला की, ‘याच्याबरोबर आलेली ही मंडळी आता विनाकारण राहिली आहेत, काढायची तर सांगा,’ हेही आपणहून सुचवते. ही सोय खऱ्या लग्नघरात असती तर कितीतरी संसार वाचले असते.

आत्या विनोदीही आहे. ‘ॲप्ट मू’ एवढेच लिहिले की पडद्यावर अक्षरांची गाय उभी राहते आणि आज हंबरलात का, असे विचारते. वसुबारसेला फ्लॅटमध्ये गाय कुठून आणायची हा आमच्या घरचा जुना प्रश्न मी गेल्या दिवाळीत असा सोडवला. तो तसा सुटलेला नाही, असे आमच्या हिचे मत आहे.

पण आत्याची खरी थोरवी तिच्या चालीरीतीत नाही, तिच्यामागच्या माणसांत आहे. डेबियन ही कंपनी नव्हे. १९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि आपले व आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव जोडून तिला नाव दिले. आपण बंगल्याला देतो तसे. आज तिच्या कोठीत साठ हजारांवर जिनसा आहेत आणि त्या निवडून-पाखडून ठेवणारी हजारएक माणसे जगभर पसरली आहेत. या कामाचा पगार डेबियन कुणाला देत नाही. दरवर्षी कुठेतरी जमतात. २०२३ साली आपल्या कोचीला जमले होते. मूळ सॉफ्टवेअर लिहिणारा वेगळा आणि ते डेबियनसाठी निवडणारा वेगळा. पोते शेतकऱ्याकडून आले तरी खडे काढायला दुसरा माणूस बसलेला आहे, आणि त्याचे नाव पोत्यावर आहे. या मंडळींत शिरायचे तर आधीच्या सभासदांनी तुम्हाला समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून, ‘हो, हा तोच’ म्हणावे लागते. आणि कोठीतला माल आपल्या घरी येतो तो लाखेचा शिक्का लावून. शिक्का जुळला नाही तर आत्या माल दारातूनच परत पाठवते.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे मानली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त कोण? तर ज्याला विषय ठाऊक आहे आणि ज्याला तुम्हाला फसवण्याचे कारण नाही तो. संगणकात काय काय शिरते ते प्रत्यक्ष पाहणे आपल्याच्याने होत नाही, अनुमान चालत नाही, राहतो तो आप्ताचा शब्द. ॲप्ट या नावात हा श्लेष परदेशी लोकांनी नकळत केला आहे, पण फार चांगला केला आहे.

आता भाच्याची बाजू. त्याला आत्या आवडत नाही. ‘मामा, तिच्याकडे सगळा शिळा माल असतो. दोन-दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या!’ हे खरे आहे. डेबियनची पक्की आवृत्ती साधारण दोन वर्षांनी एकदा निघते. प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्राचे नाव असते, आणि जी नेहमी कच्चीच ठेवतात तिला सिड म्हणतात. सिड म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. नवा माल आधी सिडच्या हाती द्यायचा, त्याने काय मोडले ते पाहायचे, मग काही दिवसांनी पुढच्या खोलीत न्यायचा आणि सगळे निवांत झाले की कोठीत. याला भाचा शिळे म्हणतो. आमच्याकडे याला जुना तांदूळ म्हणतात आणि त्याला भाव जास्त असतो.

भाचा आपला माल थेट आणतो. त्याची रीत अशी : कुठल्यातरी पानावर एक ओळ दिलेली असते. ती जशीच्या तशी उचलायची आणि काळ्या खिडकीत चिकटवायची. ओळीच्या सुरुवातीला ‘कर्ल’ असते. तो दूरवरून एक चिठ्ठी आणतो. मग एक उभी रेघ असते. रेघेच्या पलीकडे ‘सुडो बॅश’ असते. म्हणजे काय? मघाच्या चिठ्ठीतला सुडो हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. सुडो म्हणजे मुखत्यारपत्र. ‘हा मनुष्य जे करील ते मी केले असे समजावे’ असा स्टँपपेपर. आणि बॅश म्हणजे चिठ्ठीत लिहिले असेल ते निमूटपणे करणारा गडी. तेव्हा संपूर्ण ओळीचा अर्थ असा : ‘अमुक पत्त्यावरून चिठ्ठी आण, ती मला दाखवू नकोस, तीत जे असेल ते माझ्या मुखत्यारपत्रावर करून मोकळा हो.’

आता हे वाक्य मराठीत, शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून भाच्यापुढे ठेवले तर तो सही करील का? तो वकिलाला फोन करील. पण तेच इंग्रजी अक्षरांत, उभी रेघ मध्ये घालून आले की त्याची करंगळी एंटरकडे धावते. मी विचारले, ‘अरे, त्या चिठ्ठीत काय आहे ते वाचलंस का?’ तो म्हणाला, ‘मामा, तीनशे ओळी आहेत!’ म्हणजे एका ओळीत होते ते हे असे.

शिवाय थेट मालाचे मोठे बाजारही आहेत. एनपीएम नावाच्या बाजारात वीस लाखांवर पॅकेजे आहेत. तिथे कुणीही गाळा मांडावा आणि कुणीही उचलून न्यावे. नावे कोण पाहतो? २०१६ सालची गोष्ट सांगतो. अझर कोचुलू नावाच्या लेखकाचे तिथे लेफ्टपॅड नावाचे एक पॅकेज होते. त्याचे काम काय, तर अक्षरांच्या डाव्या बाजूला जागा भरून काढणे. पावतीपुस्तकात १ च्या जागी ००१ छापतात, तसे. सगळा कार्यक्रम ११ ओळींचा. एका कंपनीने त्याच्या दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावर हक्क सांगितला, बाजाराने कंपनीची बाजू घेतली आणि हा गृहस्थ रागावून आपला सगळा माल घेऊन घरी गेला. त्याबरोबर जगभरच्या मोठमोठ्या कारखान्यांतली कामे अडली. कारण यांचा गोतावळा त्यांच्यावर, त्यांचा आणखी कुणावर आणि त्या सगळ्यांचा त्या ११ ओळींवर उभा होता. शेवटी बाजाराने त्या ओळी स्वतःच परत मांडल्या. एका ओळीत होते म्हणणाऱ्यांचे काम अकरा ओळींवाचून खोळंबले, हा योग मला फार उद्बोधक वाटतो.

हे झाले रुसव्याचे. २०१८ साली याच बाजारात इव्हेंटस्ट्रीम नावाचे पॅकेज सांभाळून कंटाळलेल्या लेखकाने ते एका अनोळखी माणसाच्या स्वाधीन केले. का, तर त्याने पत्र लिहून सांभाळायची तयारी दाखवली म्हणून. त्या सज्जनाने त्यात बिटकॉइनच्या पाकिटांवर हात मारणारी चीज लपवली. घेणाऱ्यांना काही कळले नाही. त्यांची ओळ तीच होती!

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो.

एक्सझेड नावाचे एक अवजार आहे. फायली दाबून लहान करणे हे त्याचे काम. जगातल्या असंख्य सर्व्हरांत ते कुठेतरी तळाशी पडलेले असते. ते फिनलंडमधला लासे कॉलिन नावाचा एक माणूस वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळीत होता. बिनपगारी, फावल्या वेळात. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ नावाचा कुणी मदतीला येऊ लागला. नम्र, कामसू, नेमका. आणि २०२२ साली आणखी काही नावांनी कॉलिनला पत्रे यायला लागली. त्यात एक नाव तर ‘जिगर कुमार’ असे होते. पत्रांचा सूर एकच : इतका वेळ का लागतोय? नवी आवृत्ती कुठंय? तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला द्या! कॉलिनने उत्तर लिहिले की, बाबांनो, हा बिनपगारी छंदाचा उद्योग आहे, एवढे ध्यानात ठेवा. पण रेटा थांबला नाही. अखेर जिया टॅनच्या हाती किल्ल्या आल्या. २०२४ च्या सुरुवातीला निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने जगभरच्या सर्व्हरांना चोरदार बसवण्याची सोय करून ठेवली. तो जिगर कुमार आणि त्याचे सोबती ही खोटीच नावे असावीत, केवळ त्या माणसाला जेरीस आणण्यासाठी उभी केलेली, असाच जाणकारांचा कयास आहे.

हे पकडले कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरने. त्याच्या लक्षात आले की दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण लिफ्टचे बटण तेवढ्या वेळात तीनदा दाबतो. पण त्या माणसाने ‘चालायचंच’ म्हटले नाही. तो खोदत बसला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सांगितले. तो काम करीत होता ती आवृत्ती कुठली? सिड! खेळणी मोडायच्या खोलीत चोर सापडला. डेबियनच्या पक्क्या कोठीपर्यंत तो पोहोचलाच नव्हता. शिळा माल म्हणून जिला भाचा नाके मुरडतो, त्या कोठीपर्यंत.

यातून मला जे दिसते ते असे. चोराने कुलूप फोडले नाही. त्याने घाई वापरली. ‘लवकर करा, इतका वेळ का?’ हा जो आपल्या सर्वांचा रोजचा स्वर आहे, तो त्याने उसना घेतला. तो स्वर इतका ओळखीचा होता की कुणाला त्यात खोट दिसली नाही. तेव्हा ‘एका ओळीत होतं’ म्हणणाऱ्या सज्जनांवर माझा आरोप आळशीपणाचा नाही, आळस मलाही प्रिय आहे. आरोप असा की, त्या एका ओळीमागे कुणी माणूस बसला आहे हे ते विसरले आणि दुसऱ्यांनाही विसरायला लावतात. माणूस दिसेनासा झाला की त्याच्यावर ओरडायला संकोच वाटत नाही. नळाला पाणी आले नाही तर नळावर ओरडावे तसे आपण ओरडतो. पलीकडे एकटा लासे कॉलिन ऐकत असतो.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तुमची आत्या काय चुकत नाही? चुकते. २००६ साली डेबियनच्याच एका सांभाळणाऱ्याने चांगल्या हेतूने एका महत्त्वाच्या जिनसेतली एक ओळ काढली. (पाहा, तिथेही एक ओळच.) त्यामुळे पुढची दोन वर्षे डेबियनवर घडवलेल्या गुप्त किल्ल्या सहज अंदाजता येण्याजोग्या निघत होत्या. २००८ साली ते उघडकीला आले. पण उघडकीला आले ते डेबियनच्याच माणसाच्या हातून. चूक चव्हाट्यावर सांगितली गेली आणि किल्ल्या बदलून घ्या म्हणून सर्वांना बजावले गेले. आप्तही चुकतो. पण तो चुकला तर त्याचे दार ठोठावता येते. जिया टॅन कोण होता, हे अजून कुणाला कळलेले नाही.

दुसरा आक्षेप असा की, आत्याने कितीही सांगितले तरी ऐकतो कोण? हा आक्षेप मात्र जबर आहे. डेबियनच्या घराण्यातल्या एका व्यवस्थेवर २०२१ साली कॅनडातले एक प्रसिद्ध यूट्यूबवाले गृहस्थ खेळांचे एक सॉफ्टवेअर घालत होते. कोठीत तेव्हा काही घोळ होता. आत्याने इशारा दिला की, हे घातले तर घरातली अत्यावश्यक माणसे बाहेर जातील. तिला नुसते ‘वाय’ पुरेना. ‘होय, मी सांगतो तसे कर!’ असे संपूर्ण वाक्य लिहून द्या म्हणाली. त्यांनी ते लिहून दिले, कॅमेऱ्यासमोर, आणि सगळा रंगीत पडदा यंत्रातून निघून गेला. काळी खिडकी तेवढी उरली. घोळ त्यांचा नव्हता, पण वाक्य त्यांनी स्वतःच्या हातांनी लिहिले होते. आत्याने आणखी काय करायचे होते? हात धरायचा होता?

तेव्हा माझ्या मागण्या तीन. पहिली, ‘वाय’ दाबण्यापूर्वी यादी वाचा. वाय हे अक्षर तिथे मोठे छापलेले असते आणि एन लहान. मुलीकडच्यांनी होकार गृहीतच धरावा, तसे. पण गृहीत धरले म्हणून अक्षत टाकलीच पाहिजे असे नाही. दुसरी, उभ्या रेघेच्या पलीकडे मुखत्यारपत्र दिसले की आधी चिठ्ठी उघडून बघा. तीनशे ओळी कळणार नाहीत, मलाही कळत नाहीत. पण जे कळत नाही त्यावर सही करू नये, एवढे तर आपल्या आजोबांनाही कळत होते. त्यापेक्षा तीच जिन्नस कोठीत आहे का, ते आत्याला विचारा. बहुतेक वेळा असते.

तिसरी मागणी भाच्याला सर्वांत चमत्कारिक वाटली. ‘ॲप्ट शो’ आणि पुढे जिनसेचे नाव लिहिले की तिच्याखाली सांभाळणाऱ्याचे नाव आणि ईमेल येते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, त्यांतल्या एकाला पत्र लिहा. नवी आवृत्ती कधी, असे विचारू नका. तक्रार करू नका. आपण अमुक गावचे, तुमची जिन्नस रोज वापरतो, उत्तम चालली आहे, आभारी आहे, एवढेच कळवा.

‘मामा, कुणाला वेळ आहे?’ भाचा म्हणाला.

मी म्हटले, ‘वेळ कशाला लागतोय? एका ओळीत होतं.’